चीज नको, आधी साधं द्या: पुण्यात सँडविच कसं शोधावं

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं सँडविचचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक ओटा, दोन ग्रिल, एक फ्रीज आणि गिऱ्हाइकाला प्लेट टेकवायला भिंतीला ठोकलेली फळी. पार्सलचे बॉक्स, बटर पेपर, टिश्यू, सॉसच्या पिचकाऱ्या हे सगळं पुण्यात बोहरी आळीत स्वस्त पडतं, म्हणून माझी पुण्याला कायम ये-जा. खरेदी दुपारपर्यंत उरकते. मग पिशव्या ओळखीच्या दुकानात ठेवायच्या आणि दुसऱ्यांच्या हातची सँडविचं खात फिरायचं. आमचे हे म्हणतात, "घरी फुकट आहे ते तिकडे पैसे मोजून खातेस." म्हणेनात का. ज्याचा धंदा आहे त्याने दुसऱ्याकडचं खाल्लंच पाहिजे, नाहीतर आपलं कधी बिघडलं ते कळत नाही.

पुण्याला चाललेले लोक मला विचारतात, "वहिनी, पुण्यात बेस्ट सँडविच कुठलं?" त्यांना एक नाव हवं असतं. मी नाव देत नाही, रीत सांगते. नाव दिलं की माणूस तिथे जाऊन रांगेत उभा राहतो, जे समोर येईल ते खातो आणि चांगलंच होतं असं स्वतःला समजावत परत येतो. रीत कळली की कुठल्याही गल्लीत, पाटी नसलेल्या गाडीवरसुद्धा काम भागतं.

भूक कुठल्या पुण्याची?

सँडविचपुरतं बोलायचं तर पुणं एक गाव नाही, तीन आहेत. कॅम्प हे एक. पेठा आणि डेक्कन हे दुसरं. आणि कॉलेजांच्या आजूबाजूला संध्याकाळी उभं राहतं ते तिसरं. तिन्हीकडे ब्रेडच, पण एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून करायची नाही. कॅम्पात जाऊन जाळीच्या खुणा उमटलेलं, चीज ओघळणारं ग्रिल मागाल तर मिळेल, पण ते तिथलं नव्हे.

कॅम्पापासून सुरुवात करा, कारण पुण्यातलं सगळ्यात जुनं सँडविचचं वळण तिथे आहे. १८१७ साली खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली, मग इंग्रजांनी इथे छावणी वसवली. छावणीच्या मागोमाग पारशी आले, इराणी आले, बोहरी आले, गोव्याकडचे ख्रिस्ती आले. आपल्याकडे ब्रेड म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला दुधात कुस्करून द्यायची वस्तू होती. त्यांच्याकडे ते रोजचं जेवण. म्हणून कॅम्पातलं सँडविच थंड असतं, मऊ असतं, पातळ असतं आणि त्यात फार काही भरलेलं नसतं. भरण्याची गरजच पडत नाही, कारण ब्रेड आणि लोणी चांगलं आहे हे तिथे गृहीत धरलेलं आहे.

एमजी रोडवर मार्झोरिन आहे, तिथे जा. जुने लोक अजून या रस्त्याला मेन स्ट्रीट म्हणतात. मार्झोरिनमध्ये चिकन सँडविचचं नाव मोठं आहे आणि ते चांगलं असतंच, पण मांसाहार करत असलात तरी चटणी सँडविच सोडू नका. पांढरा ब्रेड, लोणी, हिरवी चटणी, संपलं. पहिल्यांदा हातात घेतल्यावर "एवढंच?" असं वाटतं. खाऊन बघा. चटणी जिभेला आधी गार लागते, तिखट मागून येतं, आणि लोणी दोन्ही बाजूंना कडेपर्यंत लावलेलं असल्यामुळे ब्रेड कुठेही ओला लागत नाही. हे कडेपर्यंतचं लोणी फार महत्त्वाचं, त्याबद्दल पुढे बोलते. वर गॅलरीत जागा मिळाली तर खाली एमजी रोड दिसतो. नाही मिळाली तर हट्ट करू नका, सँडविच तेच आहे.

तिथून ईस्ट स्ट्रीट चालत पाच-सात मिनिटांवर. कयानी बेकरी १९५५ सालची, श्रुजबेरी बिस्किटांसाठी लोक येतात. बिस्किटं न्यायची तर जाताना घ्या, पण दुपारी बेकरी बंद असते आणि रविवारीही, तेव्हा सकाळी जाणं बरं. त्याच रस्त्यावर १९९२ पासून 'बर्गर किंग' नावाने चालत आलेलं पुण्याचं आपलं बर्गरचं हॉटेल आहे. अमेरिकन कंपनीने नावावरून २०११ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. कंपनी उच्च न्यायालयात गेली, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरायला हॉटेलला मनाई झाली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. तिथे जायचं असेल तर पाटी शोधत बसू नका, ईस्ट स्ट्रीटवर कुणालाही विचारा, सगळ्यांना ठाऊक आहे. बर्गर म्हणजे सँडविचच का, यावर आमच्या घरी मुलाशी वाद चालतो. माझ्या मते पाव कापून मध्ये काही ठेवलं की ते आमच्या धंद्यात आलं. त्या हिशेबाने कॅम्पातला गार्डन वडापावही यादीत धरा. चटणीचा कुरकुरीत चुरा हात राखून घालत नाहीत, ते मला आवडतं.

पेठांत आणि डेक्कनला

इकडे सँडविच असं पाटीवर कमी दिसेल, पण ब्रेड भरपूर आहे. तो वेगळ्या वेषात येतो, इतकंच.

नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात बेडेकरांची मिसळ खा, किंवा तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची. दोन्हीकडे मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतात. पावाची सवय असलेल्या माणसाला आधी जरा विचित्र वाटतं. पण स्लाइस रस्सा पटकन शोषतो, आणि या मिसळींच्या किंचित गोडसर रश्श्याला तो बरोबर बसतो. मी काय करते, एका स्लाइसवर थोडी मटकी-पोहे, वर शेव आणि कांदा घेऊन दुसरा स्लाइस दाबते आणि हातात धरून खाते. शेजारचे काका बघतात. बघू देत.

डेक्कनला गुडलक चौकात कॅफे गुडलक आहे, १९३५ पासूनचं. बन मस्का आणि चहा. बन मस्का हे माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड सँडविच. त्यात लपवायला काही नाही. बन त्याच दिवसाचा हवा, मस्का मऊ हवा म्हणजे लावताना बन फाटत नाही, आणि दोन्हींचं प्रमाण जमलेलं हवं. सकाळी जा. सकाळी गर्दी असते, पण गर्दी असते म्हणूनच बन शिळा होत नाही.

आता पॅटीस. पुण्यात याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बेकरीत मागितलं तर पापुद्र्यांचं, आत बटाट्याची भाजी भरलेलं, भट्टीत भाजलेलं येतं. वडापावच्या गाडीवर मागितलं तर ब्रेडच्या दोन त्रिकोणांत बटाट्याचं सारण भरून बेसनात बुडवून तळलेलं ब्रेड पॅटीस येतं. दोन्ही चांगली, फक्त काय हवंय ते मनात पक्कं असू द्या. बेकरीच्या पॅटीससाठी आपटे रोडची संतोष बेकरी. तिथे मोठा नियम एकच: ट्रे भट्टीतून बाहेर येतो तेव्हा हजर असा. रांगेत असताना पुढचे लोक डझनाने घेऊन जातात आणि आपला नंबर येईस्तोवर ट्रे संपतो, तर चिडू नका, पुढचा ट्रे आपला, म्हणजे आपल्याला उलट जास्त गरम मिळणार. पिशवीत घालून घरी न्यायच्या आधी एक तिथेच फुटपाथवर उभं राहून खा. पापुद्रे अंगावर सांडतात, म्हणून पुढे वाकून.

ब्रेड पॅटीस कुठे खायचं याचं नाव देत नाही, ते गाडीगाडीवर असतं. फक्त तळून ठेवलेल्या ढिगातलं घेऊ नका, "गरम काढताय ना, त्यातलं द्या" म्हणा. थंड ब्रेड पॅटीसमध्ये तेल ब्रेडमध्ये मुरतं आणि तुमच्या पोटात दिवसभर राहतं.

आता गाडी ओळखायची

खरं शिकायचं ते इथे. टिळक रोडला एसपी कॉलेजच्या आसपास, फर्ग्युसन रोड आणि जंगली महाराज रोडच्या आतल्या गल्ल्या, कोथरूडला एमआयटीच्या बाजूला, सारसबागेची चौपाटी, अशा ठिकाणी सँडविचच्या गाड्या आणि टपऱ्या असतात. आज आहे ती उद्या तिथे असेलच असं नाही, म्हणून नावांपेक्षा डोळा तयार करणं बरं. ऑर्डर देण्याआधी दोन मिनिटं बाजूला उभं राहायचं आणि बघायचं. कुणी काही म्हणत नाही, तुम्ही मेनू वाचताय असंच वाटतं.

पहिल्यांदा ब्रेड. ब्रेड कुठे ठेवलाय? पाकिटात, बाहेर, सावलीत असेल तर ठीक. फ्रीजमधून निघत असेल तर साधं सँडविच तिथे खाऊ नका. बऱ्याच जणांना वाटतं फ्रीजमध्ये ब्रेड ताजा राहतो. बुरशी उशिरा येते हे खरं, पण फ्रीजच्या थंडीत ब्रेडमधला स्टार्च लवकर घट्ट होतो, त्यामुळे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो, भुगा होतो. ग्रिल केलं की तो पुन्हा थोडा मऊ होतो, म्हणून फ्रीजवाल्याकडे ग्रिल चालेल. पाकिटावरची तारीख दिसली तर बघाच. आणि रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा बाजूला पडलाय का ते बघा. संध्याकाळी सहाला गठ्ठा मोठा असेल तर माल फिरतोय.

मग चटणी. चटणीवरून मी निम्मा निकाल लावते. चांगली चटणी पळीतून सलग पडत नाही, थबथब पडते. कोथिंबीर देठासकट, पुदिना, मिरची, लिंबू, आणि दाटपणासाठी डाळं किंवा ब्रेडच्या कडा वाटलेल्या. आम्ही वाटताना बर्फाचं पाणी घालतो, कारण मिक्सरच्या गरमपणाने कोथिंबीर काळवंडते. पण कितीही केलं तरी दुपारची चटणी संध्याकाळी वरून थोडी गडद होणारच, हलवली की आतून हिरवी निघते. रात्री नऊलासुद्धा जर ती सगळीकडून सारखी पोपटी दिसत असेल तर ती हिरवाई कोथिंबिरीची नाही, रंगाची आहे. पातळ चटणी दिसली तरी पुढे चला. पाणी घालून वाढवलेली असते आणि ब्रेडचा चिखल करते.

बटाटा. उकडून गार झालेलाच बटाटा पातळ कापला जातो, गरम कापला तर सुरीला चिकटतो. म्हणून गार बटाट्याला नाव ठेवू नका, जाड चकत्यांना ठेवा. चकती इतकी जाड असेल की दाताखाली तीच ती लागते, तर बाकी सगळं व्यर्थ. एखाद्या ठिकाणी बटाटा गोड लागतो, साखर घातल्यासारखा. त्यात सँडविचवाल्याचा दोष कमी, शीतगृहातला माल असतो. फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. आम्ही म्हणूनच हंगामात मंचर किंवा पुसेगावकडचा ताजा बटाटा आला की तोच घेतो.

लोणी, म्हणजे गाडीवर ज्याला बटर म्हणतात ते. कडेपर्यंत लावतोय का ते बघा. पुष्कळ जण मधोमध एक फटकारा मारतात आणि पुढच्या स्लाइसकडे वळतात. लोण्याचं काम चवीपुरतं नाही, ते काकडी-टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये शिरू देत नाही. कडा कोरड्या राहिल्या की तिथून ब्रेड भिजतो आणि हातात धरल्यावर कोपरा गळून पडतो. आणखी एक: खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहिला तर ते लोणी नव्हतं, मार्जरिनसारखं काहीतरी होतं. चहाने धुऊन निघतं, पण पुढच्या वेळी दुसरीकडे जा.

मागच्या पावसाळ्यात टिळक रोडच्या मागच्या एका बोळात मला एक गाडी सापडली. पाटी नव्हती, निळ्या ताडपत्रीवरून पाणी टपकत होतं. पन्नाशीचे काका. मी बाजूला उभी राहून बघत होते. चार स्लाइस जोडीजोडीने उघडून मांडले, लोण्याची सुरी आडवी धरून एका हाताने कडेपासून कडेपर्यंत दोनदा ओढली, उलट-सुलट. मग चटणी, पण कोपऱ्याच्या जरा आत थांबवलेली. त्यावर बटाटा, बटाट्यावर बीट, पुन्हा बटाटा. बीट कुठेही ब्रेडला टेकू देत नव्हते, कारण टेकलं की ब्रेड गुलाबी होतो आणि दमट होतो. काकडी आणि टोमॅटो सगळ्यात शेवटी कापले, आधी कापून ठेवलेले नव्हते. मीठ-मसाला काकडीवर घातला तो अगदी झाकायच्या क्षणी. आधी घातला असता तर काकडीने पाणी सोडलं असतं. मग दोन्ही तळव्यांनी दाबलं, दातेरी सुरी पुसून घेतली आणि न दाबता, करवतीसारखी ओढत कापलं.

"ताई, चीज घालू?"

"नको काका, साधंच द्या."

"साधं म्हणजे मसाला तरी?"

"तुम्ही स्वतःला करता तसं द्या."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या बॉक्सच्या गठ्ठ्याकडे. "कुठं दुकान आहे तुमचं?" म्हणाले. मी सांगितलं. पुढचं अर्धा तास आम्ही बटाट्याच्या भावावर बोललो आणि त्यांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

माझं सांगणं सगळं यात आलं. अनोळखी ठिकाणी पहिलं सँडविच साधं मागवा. चीज हे पांघरूण आहे. त्याच्याखाली शिळा ब्रेड, आंबूस बटाटा, पाणचट चटणी सगळं झाकलं जातं, आणि मेयोनीज आणि पिझ्झा सॉस तर गोधडीच. साधं चांगलं लागलं तर दुसरं हवं तेवढं चीज घालून घ्या. साधंच बेचव असेल तर पैसे कमी गेले. गाडीवाला चीज घ्या, चीज घ्या म्हणून मागे लागला तर त्याचंही चुकत नाही, नफा तिथे आहे, मलाही दुकानात तेच करावं लागतं.

ग्रिल मागवलं तर एवढं बघा: ग्रिल आधीपासून गरम आहे का. गार ग्रिलवर सँडविच ठेवलं की बटर वितळून ब्रेडमध्ये मुरतं आणि बाहेरून कुरकुरीत व्हायच्या आधी आतून तेलकट होतं. तापलेल्या ग्रिलवर ठेवल्या ठेवल्या आवाज येतो. दर घटकेला झाकण उघडून बघणारा माणूस नवशिका. आणि प्लेटवर आदल्या सँडविचचं जळकं चीज खरवडून काढतो की त्यावरच पुढचं ठेवतो, हे डोळ्यांनी बघा.

स्वच्छतेचं फार प्रवचन करत नाही. पैसे घेणारा हात आणि ब्रेडला लागणारा हात एक नसावा. एकटा माणूस असेल तर निदान मध्ये फडकं किंवा चिमटा असावा. आता बहुतेक ठिकाणी क्यूआर कोड असतो, त्याचा हा एक फायदा झाला.

कुणाला विचारायचं, काय विचारायचं

"इथे बेस्ट सँडविच कुठे मिळतं?" असं पुण्यात विचारू नका. पुणेकर तुम्हाला आपल्या कॉलेजच्या दिवसांतलं ठिकाण सांगेल, आणि लगेच पुढे जोडेल की आता तिथे पूर्वीसारखं राहिलं नाही. म्हणजे पत्ताही मिळाला आणि जाऊ नका असंही कळलं. याऐवजी विचारा, "तुम्ही शेवटचं कुठे खाल्लं?" किंवा "घरी नेता ते कुठून नेता?" पाहुण्याला दाखवायचं ठिकाण वेगळं आणि स्वतःच्या पैशाने खायचं ठिकाण वेगळं असतं.

विचारायची माणसं म्हणजे कॉलेजसमोरचे झेरॉक्सवाले, पुस्तकांच्या दुकानातली पोरं, बँकेचे वॉचमन, दवाखान्यातल्या नर्स. यांना रोज बाहेर खावं लागतं, वेळ कमी असतो आणि पैसे मोजून खर्च करायचे असतात. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घेतलीत तर तिथेच विचारा. रिक्षावाले काका वडापाव आणि चहा नेमका सांगतात, सँडविचच्या बाबतीत माझा अनुभव तितका बरा नाही. मोबाइलवरचे फोटो बघायचे तर जेवणाचे बघू नका, पाटीचा आणि भावफलकाचा बघा. साठ प्रकार लिहिलेले असतील, चॉकलेट सँडविचपासून शेजवान पनीरपर्यंत, तर कुठल्याच गोष्टीचा माल रोज संपत नसणार. दहा-बारा प्रकार आणि त्यातल्या दोनवर गर्दी, ते ठिकाण बरं.

वेळेचं गणित सोपं आहे. सकाळी डेक्कनला बन मस्का, दहा-अकराच्या सुमाराला पेठेत मिसळ-स्लाइस. दुपारी कॅम्प, कारण मार्झोरिनसारखी जागा थंड सँडविचची, उन्हात तेच बरं वाटतं. गाड्यांकडे संध्याकाळी पाचनंतर, तेव्हा चटणी ताजी वाटलेली असते आणि पोरं सुटलेली असतात. स्वारगेटला एसटीने उतरलात तर आता भुयारातून मेट्रो आहे. पेठांसाठी मंडईला उतरा. डेक्कनला जायचं तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलून वनाझकडची घ्या आणि डेक्कन जिमखाना स्टेशनला उतरा. कॅम्पाला मात्र बस किंवा रिक्षाच करावी लागते.

एका दिवसात सगळं खायचं तर दोघांत एक मागवा. पुण्यात "एकात दोन प्लेट" म्हटलं की काही ठिकाणी कपाळाला आठी पडते, पण देतात. जैन हवं असेल तर स्पष्ट बोला, कांदा-लसूण-बटाटा तिन्ही नको म्हणून, आणि चटणीत लसूण आहे का ते वेगळं विचारा. गाडीवर तिखट कमी हवं तर चटणी कमी सांगू नका. चटणी कमी केली की ब्रेड कोरडा. त्यापेक्षा सोबतची कच्ची मिरची आणि वरचा तिखट मसाला नको म्हणा.

पार्सल नेणार असाल तर एवढं ऐका. लांबच्या प्रवासाला लोणी-चटणी सँडविच सगळ्यात भरवशाचं. दोन्ही स्लाइसना लोणी लावायला सांगा, काकडी-टोमॅटो नको, आणि कापू नका म्हणा. कापलेल्या बाजूने ते सुकतं. बटर पेपरमध्ये गुंडाळून घ्या, वर्तमानपत्रात नको, छपाईची शाई खाण्याला लागते आणि तसं गुंडाळायला कायद्यानेही बंदी आहे. चिकन-मेयोनीजवालं पार्सल घेऊच नका, जिथे घेतलं तिथेच संपवा. उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीशी ते टिकणार नाही. पॅटीस गार झालं तरी चालतं, घरी तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये घातलंत तर पापुद्रे लोळागोळा होतात. आणि ग्रिल सँडविच पार्सल हवंच असेल तर डब्याचं झाकण पाच मिनिटं उघडं ठेवून मग बंद करायला सांगा. दुकानदार घाईत असेल तर स्वतः उघडा. आत वाफ कोंडली की कात्रज ओलांडायच्या आत त्याचा लगदा होतो.